अद्भुताची वाट आणि कुमारवयीन वाचक

मराठी कादंबरीचा जन्म जवळजवळ एकाच काळात दोन घरांत झाला. १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने 'यमुनापर्यटन' लिहिले आणि हिंदू विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. डोळ्यांदेखतचे जीवन जसे आहे तसे सांगणारी ती कथा होती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. तिच्यात सद्गुणी नायक-नायिका होती, कपटी खलपुरुष होते, ताटातूट होती, संकटांची मालिका होती आणि शेवटी गोड पुनर्भेट होती. पहिल्या घरची लेक पुढे मोठ्या मानाला चढली. हरिभाऊ आपट्यांपासून आजपर्यंत मराठी कादंबरी म्हटली की वास्तवाचे चित्रण करणारी कादंबरीच आपल्यासमोर उभी राहते. दुसऱ्या घरच्या लेकीचे, म्हणजे अद्भुतरम्य कादंबरीचे, पुढे काय झाले?

हा प्रश्न केवळ साहित्याच्या अभ्यासकांनी सोडवावा असा नाही. बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती आज जी जाडजूड पुस्तके दिसतात, त्यांत जादूच्या शाळा, बोलणारे प्राणी, शापित मुद्रिका आणि ज्वाला ओकणारे महासर्प असतात. आष्ट्यासारख्या गावात, जिथे ऊस आणि हळद यांच्या हिशेबात घरातील संध्याकाळ सरते, तिथल्या आईवडिलांनाही हे वाचन अनोळखी राहिलेले नाही. त्यांच्या तक्रारी दोन. एक अशी की, हे सारे खोटे आहे, यात अभ्यासाचा वेळ वाया जातो. दुसरी अधिक गंभीर. हे जादूटोण्याचे वाचन श्रद्धेला बाधक तर ठरणार नाही ना? या दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही जुन्याही आहेत. त्यांचा इतिहास पाहिला तर उत्तराची दिशा सापडते.

मुखवट्यांचा प्रदेश

अद्भुत ही आपल्या भागात परदेशातून आलेली वस्तू नव्हे. आज सांगली जिल्ह्यात असलेले आष्टा पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची नावे बदलली, पण गावच्या चौंडेश्वरीची भावई चालत राहिली. मुखवटे धारण करून देवी आणि दैत्य यांच्या संघर्षाचा खेळ भावईत होतो. कोणत्याही धर्माच्या घरातले मूल असो, या गावात वाढताना त्याला एवढे निश्चित कळते की दुष्टाईला चेहरा असतो आणि तिच्याशी कोणीतरी झुंजावे लागते.

सांगली शहरही या बाबतीत मागे नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमीचा तो आरंभ मानला जातो. भाव्यांच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत आणि प्रेक्षक भयाने व आनंदाने थरारून जात. म्हणजे मराठी नाटकाने डोळे उघडले तेच अद्भुताच्या प्रकाशात.

छापील पुस्तकांचेही तेच. १८०६ मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांनी इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापविले. १८१४ मध्ये विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 'सिंहासनबत्तिशी' बाहेर पडली. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला आणि पुढील भागांना त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. आपल्या गद्याचे हे दोन मोठे शिल्पकार दिवे, जिन आणि उडते गालिचे यांच्यात रमले, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे.

ख्रिस्ती मंडळींनीही या वाटेवर पाऊल टाकले होते. जॉन बन्यन यांच्या १६७८ च्या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर 'यात्रिक क्रमण' या नावाने १८४१ साली निघाले. नाशनगरातून निघून स्वर्गीय नगराकडे जाणारा यात्रिक, वाटेतला चिखल, राक्षसाचा किल्ला आणि त्यातून सुटका! श्रद्धेची शिकवण साहसकथेच्या वेषात सांगता येते, याचा हा मराठीतील एक आरंभीचा दाखला.

खटला आणि निकाल

यानंतर मात्र वारे फिरले. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी मोठी प्रांजळ कबुली दिली आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या व इतर चालीरीतींमुळे लोकांच्या आयुष्यात कादंबरीजोगे काही घडतच नाही, म्हणून मनोरंजनासाठी लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा तिचा आशय. बालविवाहाच्या त्या काळात तरुण-तरुणींच्या मनाला मोकळे अंगण नव्हते. ते अंगण कथेतच शोधावे लागे.

हा युक्तिवाद सर्वांना पटला नाही. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला आणि अशा कादंबऱ्यांतील असंभाव्य घटनांवर कठोर टीका केली. साहित्य जीवनाशी इमान राखणारे असावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची टीका अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. त्या काळच्या पुष्कळशा कादंबऱ्यांत योगायोगांची रेलचेल होती, वर्णने अलंकारांनी जड झाली होती आणि पात्रांना स्वभाव म्हणून काही नव्हता. पुढे १८८५ मध्ये हरि नारायण आपट्यांची 'मधली स्थिती' आणि १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' वाचकांसमोर आली, तेव्हा खटल्याचा निकाल लागलाच. प्रौढांच्या कादंबरीतून अद्भुताला रजा मिळाली.

विसाव्या शतकात या निकालाला आणखी एक आधार मिळाला. आष्ट्याहून फार दूर नसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी मासिक सुरू केले. त्याच्यापाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. बुद्धिवाद, उद्योग आणि समाजसुधारणा यांचे वारे या मासिकांनी घरोघर नेले. महाराष्ट्रावर त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु बुद्धिवादाच्या त्या स्वच्छ उजेडात अद्भुतकथा अंधश्रद्धेची धाकटी बहीण वाटू लागली असल्यास ते स्वाभाविक होते.

अशा दिवसांतही अद्भुताची कादंबरी लोकांच्या मनातून गेली नाही. १९१३ साली नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांची 'वीरधवल' आली आणि तिने वाचकांना वेड लावले. नाथमाधवांची स्वतःची कथा विलक्षण आहे. शिकारीच्या निमित्ताने सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या लेखकाला पाऊल टाकणे अशक्य झाले होते, त्याने सबंध महाराष्ट्राच्या तरुण मनांना किल्ल्यांवरून आणि भुयारांतून फिरविले. अद्भुत म्हणजे जीवनापासून पळ काढणे, असे म्हणणाऱ्याने या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे एकदा पाहावे.

मधल्या वयाची पोकळी

प्रौढांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढलेल्या अद्भुताला आसरा दिला तो मुलांच्या मासिकांनी. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकन मिशनचा 'बालबोधमेवा' निघाला. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक सुरू केले. १९४७ साली मद्रासला निघालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' १९५२ पासून येऊ लागली. तिची वाट पाहिली नाही असे मराठी घर त्या काळात विरळाच असेल. 'चांदोबा'तील लांबलचक अद्भुत मालिका लिहिणारे तेलुगू लेखक दासरी सुब्रह्मण्यम् यांचे नाव वाचकांना क्वचितच ठाऊक असे, पण त्यांच्या कथा अनेक भाषांतून मुलांनी वाचल्या. विक्रम आणि वेताळ यांची गोष्ट तर प्रत्येक अंकात असे. तिची घडण पाहण्यासारखी आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो, यात दोषी कोण, श्रेष्ठ कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. प्रेत, स्मशान, भूत हे सारे बाहेरचे नेपथ्य. आत चालली होती ती सदसद्विवेकाची शिकवणी, आणि सत्य ठाऊक असून मौन बाळगणे हे पाप आहे, हा तिचा पहिला धडा.

तथापि 'चांदोबा' वाचणारे मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की पुढे काय, या प्रश्नाला मराठीजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. ती उणीव ओळखणारा मोठा लेखक म्हणजे भा. रा. भागवत (१९१० ते २००१). त्यांनी 'बालमित्र' मासिक चालविले, ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रावर, समुद्रतळाशी आणि पृथ्वीच्या पोटात नेणाऱ्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणे याला 'फास्टर फेणे' करून अजरामर केले. भागवतांचे अद्भुत विज्ञानाचे आणि साहसाचे होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' मासिक सुरू केले आणि स्वस्त दरात चांगले वाचन खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोचविले. हे उपकार विसरता येणार नाहीत.

एवढे असूनही आपल्या मातीतले एक संपूर्ण काल्पनिक जग उभारून त्यात कुमारवयीन नायक-नायिकेला मोठ्या नैतिक निवडीसमोर आणणारी, चार-पाचशे पृष्ठांची स्वतंत्र मराठी कादंबरी तुरळकच राहिली. मुले मग ग्रंथालयातल्या प्रौढांच्या कपाटाकडे वळत. तिथे नारायण धारपांच्या भयकथा असत. त्यांतील 'समर्थ' अमंगळ शक्तींशी लढून तिला हटवीत असे. चौदाव्या वर्षी त्या चोरून वाचलेले कितीतरी गृहस्थ आज प्रतिष्ठित आजोबा आहेत!

पोकळी राहिली की ती बाहेरून भरली जाते. १९९७ ते २००७ या काळात जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्यांनी जगभरातील मुलांना पुन्हा पुस्तकाशी जोडले आणि पुढे त्या मराठीतही आल्या. पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. इंग्रजीतील त्या किमयागाराच्या दगडासाठी भाषांतरकाराला नवा शब्द घडवावा लागला नाही. लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या संतांनी शतकानुशतके आपल्या ओठी ठेवला होता. टॉल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरीही मराठीत आली आणि त्यांची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. आपली भाषा या प्रांतात परकी नाही, याची ही साक्ष आहे.

ख्रिस्तसभेची स्मृती

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. जादूचे वाचन श्रद्धेला बाधक आहे काय?

प्रथम आपल्या पवित्र ग्रंथाकडेच पाहावे. कॅथलिक बायबलमध्ये तोबीत नावाचा ग्रंथ आहे. आंधळ्या बापाचा तरुण मुलगा दूरच्या प्रवासाला निघतो. सोबतीला एक अनोळखी वाटाड्या असतो आणि मागून घरचा कुत्रा येतो. नदीत एक मोठा मासा त्याच्यावर झेप घेतो. त्याच माशाच्या काळजाने आणि हृदयाने तो सारा नावाच्या मुलीला छळणाऱ्या आस्मोदेउस या दुष्टात्म्याला पळवून लावतो, आणि पित्ताने बापाचे डोळे उघडतो. शेवटी कळते की तो वाटाड्या म्हणजे देवदूत राफाएल. ही कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले कान टवकारतात, ते उगीच नव्हे. तीत नवल आहे, पण नवलाचा धनी परमेश्वर आहे. तरुण तोबिया स्वतःच्या बळाने सामर्थ्यवान होत नाही. तो ऐकतो, प्रार्थना करतो आणि मग धैर्याने कृती करतो.

दुसरा दाखला आपल्या भाषेच्या इतिहासातला आहे. सोळाव्या शतकात गोव्यात नवख्रिस्ती लोकांना त्यांचे जुने ग्रंथ वाचण्याची बंदी झाली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून आलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ पासून तेथे होते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांना विचारतो की, आमची पुराणे तर बंद झाली, मग आमच्या करमणुकीला व बोधाला त्यांच्या जागी तुम्ही काय देता? फादर स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाला कोणतेही फर्मान काढून उत्तर दिले नाही. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण १६१६ साली छापून त्यांनी उत्तर दिले. पुस्तकाच्या भयावर पुस्तक हाच उतारा, हे आपल्या या पूर्वजाने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आजच्या प्रत्येक आईवडिलांनी आणि धर्मगुरूंनी या प्रसंगाचे मनन करावे.

तिसरा दाखला आधुनिक आहे. जॉन रोनाल्ड टॉल्किन यांचा जन्म १८९२ चा. त्यांच्या आई मेबल यांनी १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यामुळे नातलगांची मदत आटली. १९०४ मध्ये त्या वारल्या, तेव्हा थोरला मुलगा बारा वर्षांचा होता. दोन्ही पोरक्या मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी सांभाळले. एका धर्मगुरूच्या मायेत वाढलेल्या या मुलाने पुढे १९३७ साली 'द हॉबिट' आणि १९५४-५५ मध्ये मुद्रिकेची महाकथा लिहिली. ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका येशूसंघीय मित्राला पत्राने कळविले होते. सबंध कादंबरीत मात्र ना चर्च आहे ना उपासना. दुष्ट मुद्रिकेचा नाश होतो तो दिवस आहे २५ मार्चचा, देवमातेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा. आणि नाश होतो कसा? नायक फ्रोडो शेवटच्या पायरीवर मोहापुढे हरतो. ज्या केविलवाण्या जीवाला त्याने दया दाखवून जिवंत ठेवले होते, त्याच्याच हातून कार्य तडीस जाते. बळ अपुरे पडते तेथे पूर्वी केलेली दया कामी येते. कृपेचा याहून सुबोध धडा आम्हा प्रवचनकारांनाही सहसा साधत नाही.

हॅरी पॉटरच्या बाबतीत ख्रिस्तसभेत मतभेद झाले, हे दडविण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांत आपल्याला आक्षेपार्ह काही दिसत नाही, असे मत मांडले. त्याच वर्षी मार्चमध्ये कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी टीकाकार लेखिका गाब्रिएले कुबी यांना लिहिलेल्या खाजगी पत्रात, कोवळ्या मनात श्रद्धा नीट रुजण्यापूर्वीच ती नकळत विकृत होऊ शकते, अशी चिंता व्यक्त केली. जानेवारी २००८ मध्ये 'ओस्सेर्वातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या दैनिकाने अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन लेख एकत्र छापले. निषिद्ध पुस्तकांची जुनी सूची तर १९६६ सालीच रद्द झाली होती. सूची गेली, पण विवेकाची जबाबदारी गेली नाही. ती आता घराघरांवर येऊन पडली आहे. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या निधनाच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, व्यक्तीच्या जडणघडणीतील साहित्याच्या स्थानाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. कथा-कादंबऱ्यांचे वाचन ही फावल्या वेळची चैन नसून दुसऱ्याचे अंतःकरण समजून घेण्याची साधना आहे, असे त्याचे सार सांगता येईल.

विवेकाची कसोटी

या इतिहासातून आपण काय घ्यावे? १८७२ च्या टीकाकारांनी अद्भुताला विचारले, तू खरे आहेस काय? प्रश्न अपुरा होता. प्रभू येशूच्या दाखल्यांतला उधळ्या पुत्र कोणत्या गावचा, हे आपण विचारीत नाही. अद्भुतकथेला विचारायचे प्रश्न वेगळे. हिच्यात सामर्थ्य कशासाठी वापरले जाते, सेवेसाठी की स्वतःच्या हव्यासासाठी? दुष्टाईला दुष्टाई म्हटले जाते, की तिला गोंडस वेष चढविला जातो? दुबळ्याला या कथेत काही जागा आहे काय? आणि विजयासाठी नायक काही गमावतो की सारे त्याला फुकट मिळते? हे प्रश्न विचारले तर काही पुस्तके खुशाल बाजूला ठेवावीत असे दिसेल. मृत्यूशी खेळणारी, सूडाला गौरविणारी, खरोखरीच्या मंत्रतंत्राची गोडी लावणारी पुस्तके आहेतच. पण त्यांच्यावरून साऱ्या प्रकाराला दोषी ठरविणे म्हणजे तणापायी उभे पीक कापणे होय.

हे प्रश्न मुलांना दुरून विचारता येत नाहीत. त्यासाठी पुस्तक आपणही वाचावे लागते. मुलगी वाचीत असलेली कादंबरी आईने आठवडाभर उशाशी ठेवली आणि रविवारच्या मिस्सेनंतर घरी परतताना तीविषयी दोन गोष्टी विचारल्या, तर तेवढ्याने अर्धे काम होईल. धर्मग्रामातील तरुणांच्या गटांनाही हे करता येईल. एक पुस्तक सर्वांनी वाचावे आणि तोबीतच्या ग्रंथाशेजारी ठेवून त्याची चर्चा करावी. गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व घेणे तर कोणालाही अवघड नाही.

आणखी एक चिंता आहे आणि ती मला जादूटोण्याच्या भीतीहून मोठी वाटते. आपली मुले अद्भुताचे वाचन दिवसेंदिवस इंग्रजीतून करू लागली आहेत. कुमारवयात मन ज्या भाषेत स्वप्ने पाहते, पुढे बहुधा ते त्याच भाषेत प्रार्थनाही करू लागते. ज्या भाषेला फादर स्टीफन्स यांनी रत्नांमधील हिऱ्याची थोरवी दिली, तिच्यात आपल्या नातवंडांना केवळ बाजारहाट आणि सरकारी अर्ज एवढेच उरले, तर तो दोष परदेशी लेखिकेचा असणार नाही. कृष्णाकाठची रात्र, उसाच्या फडातली कुजबुज, देवळातले मुखवटे, नाताळचा गोठा आणि राफाएलचा हात धरून निघालेला एखादा आष्ट्याचा मुलगा यांची पाचशे पानांची मराठी कादंबरी अजून लिहिली जायची आहे. ती लिहिणारा हात कदाचित आज आपल्याच एखाद्या घरात, दहावीच्या पुस्तकाखाली दुसरे पुस्तक लपवून वाचीत बसला असेल. त्याच्यावर रागावण्यापूर्वी, तो काय वाचतो आहे ते एकदा पाहावे.